एफटीपीएस: ‘नाव जुळत नाही’ ही तक्रार परत परत का येते, आणि ती येत नाही तेव्हा काय तपासावं

एफटीपीएस म्हणजे टीएलएस या सांकेतिक कुलपाआडून एफटीपीने फाइल पाठवणं. ती वापरणारी नागपुरातल्या धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब असो, बुटीबोरीतला कारखाना असो की कळमन्यातला अडत्या, तक्रार एकाच भाषेत येते: “भाऊ, फाइल जाऊन नाही राहिली. कालपर्यंत तर जात होती.” पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ असते. तिचा अर्थ एवढाच की सर्व्हरने दाखवलेल्या सर्टिफिकेटवर (त्याच्या डिजिटल ओळखपत्रावर) जे नाव आहे ते तुम्ही जोडायला दिलेल्या नावाशी जुळत नाही. मग ऑफिसातलं कोणीतरी सेटिंगमध्ये जाऊन तपासणीच बंद करतं, फाइल जाते आणि विषय मिटतो. काही महिन्यांनी सर्टिफिकेट बदललं की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या तक्रारीचं निदान खाली दिलंच आहे. पण माझ्या मते जास्त वेळ तिच्या उलट्या बाजूवर घालवायला हवा. नाव जुळत नसतानाही फाइल बिनबोभाट जाते, ही ती बाजू. त्याबद्दल कोणाचाच फोन येत नाही.

एक सूचना: आदेश आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच मूळ रोमन अक्षरांत करायची.

दोन वेगळे प्रश्न

टीएलएस जोडणीत क्लायंटला (म्हणजे फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामला) दोन गोष्टी पाहायच्या असतात. या सर्टिफिकेटवर भरवशाच्या संस्थेची सही आहे का, हा पहिला प्रश्न. आणि मला ज्याच्याशी बोलायचं आहे त्याचंच हे सर्टिफिकेट आहे का, हा दुसरा. सही खरी असून माणूस दुसराच असू शकतो, कारण खऱ्या सहीचं सर्टिफिकेट स्वतःच्या डोमेनसाठी कोणालाही मिळतं, आजकाल फुकट.

गोंधळाचं मूळ असं की पहिला प्रश्न लायब्ररी सोडवते आणि दुसरा बराच काळ प्रोग्राम लिहिणाऱ्यावर सोडलेला होता. ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीमध्ये नाव तपासण्याचं तयार फंक्शन जानेवारी २०१५ मध्ये, १.०.२ या आवृत्तीत आलं. तोपर्यंत ज्याने त्याने आपापली तुलना लिहिली, काहींनी लिहिलीच नाही. फाइल पाठवणारं सॉफ्टवेअर वेबच्या मानाने दुर्लक्षित, त्यामुळे तिथे हा उणेपणा जास्त टिकला.

तक्रार येते तेव्हा

सर्व्हर नेमकं कुठलं सर्टिफिकेट दाखवतो ते आधी बघा. ओपनएसएसएलचा एस-क्लायंट हा आदेश ‘स्टार्ट-टीएलएस एफटीपी’ या पर्यायासह २१ नंबरच्या पोर्टवर चालवा. जुन्या पद्धतीचा, म्हणजे जोडताक्षणी टीएलएस सुरू करणारा सर्व्हर असेल तर पोर्ट ९९० आणि स्टार्ट-टीएलएस नको.

इथे भलेभले फसतात. हा आदेश शेवटी ‘व्हेरिफाय रिटर्न कोड ०’ दाखवतो आणि आपण म्हणतो, सगळं ठीक आहे. पण एस-क्लायंट आपणहून नाव तपासतच नाही. ‘व्हेरिफाय-होस्टनेम’ हा पर्याय देऊन पुढे अपेक्षित नाव लिहिलं तरच तो दुसरा प्रश्न विचारतो. मग नाव चुकलं असेल तर कोड ६२ येतो. म्हणजे शून्य पाहून सर्व्हर निर्दोष ठरवायचा आणि बिचाऱ्या फाइलझिला या क्लायंटला शिव्या घालायच्या, हे बरोबर नाही.

कारणं सांगतो, माझ्याकडे ज्या क्रमाने जास्त येतात त्या क्रमाने.

पहिलं, आयपी पत्त्याने जोडणं. कधीकाळी डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा) बिघडला होता, तेव्हा कोणीतरी नावाऐवजी आकडे टाकले आणि ते तसेच राहिले. सर्टिफिकेटवर नाव आहे, आयपी नाही. जुळणार कसं? क्लायंटमध्ये पुन्हा नाव लिहा, काम संपलं. ऑफिसच्या आतून सर्व्हरचा पत्ता वेगळा आणि बाहेरून वेगळा, म्हणून आकडे टाकले असतील, तर आतल्या डीएनएसमध्ये त्याच नावाला आतला पत्ता द्या. नाव दोन्हीकडे एकच राहायला हवं.

दुसरं, नूतनीकरणात नाव गळणं. वेबसाइट आणि फाइल सर्व्हर एकाच मशिनवर असतात. सर्टिफिकेट सर्टबॉट या सर्टिफिकेट आपोआप काढणाऱ्या प्रोग्रामने काढलेलं असतं. वेबसाइटवाल्याने नवं काढताना फक्त वेबसाइटची नावं दिली आणि ‘एफटीपी’ने सुरू होणारं नाव यादीतून गेलं. याचंच चुलत भावंड म्हणजे सर्टिफिकेट नवं आलं, पण प्रोएफटीपीडी या एफटीपी सर्व्हर प्रोग्रामने ते वाचलंच नाही. तो सर्टिफिकेट सुरू होताना वाचतो आणि तेच धरून बसतो. त्यामुळे फाइल बदलली तरी सेवा रीलोड केल्याशिवाय जुनंच सर्टिफिकेट जात राहतं आणि एक दिवस मुदत संपते. तेव्हा दिसणारी चूक नावाची नसते, मुदतीची असते, पण ऑफिसातून येणारी तक्रार शब्दशः तीच असते. उपाय: सर्टबॉटच्या ‘रिन्यूअल-हुक्स’ फोल्डरमधल्या ‘डिप्लॉय’मध्ये रीलोड करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवा. कॅलेंडरवर आठवण लावून हे भागणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं, आणि बाकीच्यांचीही मुदत आता उतरणीला लागली आहे. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलं आहे. हाताने करणाऱ्याचे हाल होणार.

तिसरं, नाव चुकीच्या रकान्यात असणं. पूर्वी नाव ‘कॉमन नेम’मध्ये लिहायचे. आता ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ हाच रकाना धरतात. क्रोमने कॉमन नेमकडे पाहणं २०१७ मध्येच सोडलं. ऑफिसात कोणीतरी जुन्या नोंदी पाहून स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट बनवलं असेल तर बहुतेक हेच निघतं. जुना क्लायंट चालतो, नवा अडतो, आणि दोष नव्या क्लायंटच्या माथी जातो.

तारांकित सर्टिफिकेटचं थोडक्यात: तारा एकाच पायरीपुरता चालतो. ‘*.उदाहरण.इन’ हे ‘एफटीपी.उदाहरण.इन’ला चालेल, ‘एफटीपी.नागपूर.उदाहरण.इन’ला चालणार नाही. आणि तुमचं डोमेनच .भारत मध्ये असेल तर सर्टिफिकेटवर देवनागरी अक्षरं शोधत बसू नका, तिथे त्याचं प्युनीकोड, म्हणजे रोमन अक्षरांतलं, रूप असतं. काही जुने क्लायंट हे रूपांतर करत नाहीत, त्यांना थेट प्युनीकोड नाव द्यावं लागतं.

शेवटचं कारण जरा वेगळं. सगळं बरोबर असूनही एकाच ऑफिसातून नाव जुळत नसेल तर सर्टिफिकेट कोणी दिलं आहे ते वाचा. तिथे फायरवॉल किंवा अँटिव्हायरस कंपनीचं नाव दिसलं तर मधला डबा जोडणी उघडून पाहतोय. सर्व्हरवर काही करू नका. आणि तिथे अगदीच अनोळखी नाव असेल तर तपासणी बंद करण्याचा विचार सोडा आणि ती जोडणी आधी तोडा. त्या सूचनेचं काम हेच आहे.

लॉगिन होतं, यादी येत नाही

हे वेगळं ओळखता आलं पाहिजे. एफटीपीत आदेशांची एक वाहिनी आणि फाइलची दुसरी. पॅसिव्ह पद्धतीत सर्व्हर दुसऱ्या वाहिनीसाठी नाव सांगत नाही, आयपी पत्ता आणि पोर्ट सांगतो. दुसऱ्या वाहिनीवरही क्लायंटने पहिल्याच नावाशी तुलना करायची असते. एखादा अर्धवट लिहिलेला क्लायंट त्या आयपीशी तुलना करतो आणि अडतो. पण खरं सांगायचं तर लॉगिननंतरच्या अडचणी बहुतेक वेळा नावाच्या नसतातच. राउटरमागच्या सर्व्हरने आतला १९२.१६८ वाला पत्ता सांगितलेला असतो, किंवा पॅसिव्ह पोर्ट फायरवॉलमध्ये उघडलेले नसतात.

तिसरी शक्यता सेशन पुनर्वापराची. दुसरी वाहिनी त्याच क्लायंटने उघडली आहे हे पटावं म्हणून प्रोएफटीपीडी पहिल्याच टीएलएस सेशनचा पुनर्वापर मागतो. क्लायंटला ते जमत नसेल तर जोडणी तुटते. ‘नो-सेशन-रीयूज-रिक्वायर्ड’ लिहिलं की अडचण पळते, म्हणून शोधल्यावर पहिला सल्ला हाच मिळतो. पण तो टाकला की दुसऱ्याने मध्येच येऊन फाइलची वाहिनी पळवण्याविरुद्धचं एक संरक्षण जातं. आधी क्लायंट बदलून बघा.

तक्रार येत नाही तेव्हा: शून्याची गोष्ट

२००९ च्या उन्हाळ्यात, अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कमिन्स्की या दोन सुरक्षा संशोधकांनी, स्वतंत्रपणे, एकच भोक दाखवलं. सर्टिफिकेटमध्ये नाव लिहिताना त्याची लांबी वेगळी नोंदलेली असते, त्यामुळे नावाच्या मधोमध शून्य-बाइट आला तरी चालतं. सी भाषेत मात्र शून्य-बाइट आला की मजकूर संपला. समजा, चोराकडे ‘चोर.इन’ हे डोमेन आहे. तो ‘बँक.इन’, मग एक शून्य-बाइट, मग ‘.चोर.इन’ असं नाव लिहून सर्टिफिकेट मागतो. देणारी संस्था शेवट पाहते: डोमेन चोर.इन, मालक हाच, घ्या सर्टिफिकेट. तपासणारा प्रोग्राम सुरुवातीपासून वाचतो आणि शून्याशी थांबतो: बँक.इन, जुळलं! चेकवरच्या नावापुढे काय लिहिलंय ते घडीखाली गेल्यामुळे कॅशियरने पाहिलंच नाही, तसला प्रकार.

हे प्रामुख्याने ब्राउझरचं प्रकरण म्हणून गाजलं. फाइल सर्व्हरवाल्यांना वाटलं, आपला काय संबंध? त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रोएफटीपीडीच्या मॉड-टीएलएस मॉड्यूलमध्ये तेच निघालं. सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीतला त्याचा क्रमांक सीव्हीई-२००९-३६३९. आणि इथे दिशा उलटी होती. ब्राउझरमध्ये क्लायंट सर्व्हरचं नाव चुकीचं वाचत होता, इथे सर्व्हर क्लायंटचं. प्रोएफटीपीडीत ‘डीएनएस-नेम-रिक्वायर्ड’ असा एक टीएलएस पर्याय आहे. तो लावला की क्लायंटने सर्टिफिकेट दाखवायचं आणि त्यातलं नाव त्याच्या आयपीवरून मिळणाऱ्या डीएनएस नावाशी जुळायला हवं. म्हणजे ठरावीक मशिनवरूनच फाइल याव्यात म्हणून ज्यांनी जास्तीची काळजी घेतली, नेमके तेच या भोकात सापडले. ज्यांनी हा पर्याय कधी लावलाच नव्हता त्यांना या दोषाची झळ नव्हती. (त्यांच्याकडे तपासणीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.)

दुरुस्ती १.३.२बी आणि १.३.३आरसी२ या आवृत्त्यांत आली. तिचं तत्त्व साधं आहे: सर्टिफिकेटमध्ये नोंदलेली लांबी आणि सी भाषेला दिसणारी लांबी वेगळी आली की सर्टिफिकेट नाकारा.

आज इतकी जुनी आवृत्ती कोण चालवतं, असं विचाराल. हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या मोजमाप यंत्राशेजारचा धुळीने भरलेला डबा उघडून पाहा, मग बोलू. पण आवृत्तीचा आकडा पाहून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. डेबियनसारखी लिनक्सची वितरणं मुख्य आकडा तसाच ठेवून आत दुरुस्ती घालतात. या दोषाच्या वेळीही डेबियनने १.३.१ हाच आकडा ठेवून पॅकेज दुरुस्त केलं होतं. म्हणून पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडा आणि त्यात सीव्हीईचा क्रमांक शोधा.

वारंवार येणारी समस्या म्हणतो ती याच अर्थाने. २००९ मध्ये हे शून्य फाइलींची ने-आण करणाऱ्या कर्लमध्ये सापडलं, जीएनयूटीएलएस या टीएलएस लायब्ररीत सापडलं, डब्ल्यूगेट या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्राममध्ये सापडलं. सगळ्यांनी दुरुस्त केलं. आणि २०१३ मध्ये तेच शून्य रुबी, पायथन आणि पीएचपी या तिन्ही भाषांच्या टीएलएस कोडमध्ये पुन्हा निघालं. प्रत्येकाने आपापली तुलना लिहिली होती, त्यामुळे प्रत्येकाला ती चूक नव्याने करायची मुभा होती.

आजही गप्प असणाऱ्या दोन जागा

शून्य-बाइट तरी कोणीतरी कष्टाने बनवावा लागतो. खालच्या दोन ठिकाणी तेवढीही मेहनत नको.

पायथनच्या एफटीपीलिबमधला ‘एफटीपी-टीएलएस’ हा वर्ग. त्याला काहीच न सांगता वापरला तर तो जोडणी सांकेतिक करतो, पण सर्टिफिकेटची सहीही तपासत नाही आणि नावही नाही. वेबसाठीची तपासणी २०१४ च्या अखेरीस पायथनमध्ये आपोआप लागू झाली, एफटीपीला तो नियम लागला नाही. उपाय एका ओळीचा: एसएसएल मॉड्यूलच्या ‘क्रिएट-डिफॉल्ट-कॉन्टेक्स्ट’ने बनवलेला कॉन्टेक्स्ट त्याला द्यायचा. मग तो दोन्ही वाहिन्यांवर तुम्ही दिलेलंच नाव तपासतो. आणि लॉगिननंतर ‘प्रॉट-पी’ बोलवायला विसरू नका, नाहीतर आदेश झाकलेले आणि फाइल उघडी.

जावावाल्यांसाठी अपाची कॉमन्स नेट या लायब्ररीतला ‘एफटीपीएस-क्लायंट’. त्याचा मूळचा ट्रस्ट मॅनेजर (सर्टिफिकेट पारखणारा भाग) सर्टिफिकेटची मुदत पाहतो आणि सोडून देतो. नाव तपासणं ‘सेट-एंडपॉइंट-चेकिंग-एनेबल्ड’ या पद्धतीने आपण सुरू करायचं असतं, ती ३.४ पासून आहे आणि मुळात बंद असते. शिवाय ट्रस्ट मॅनेजरही बदलायला हवा. एकच बदललं तर अर्धंच काम होतं.

आपल्याकडच्या लहान सॉफ्टवेअरमध्ये, हिशेबाच्या, लॅबच्या, गोदामाच्या, ‘सुरक्षित अपलोड’ या बटणामागे बऱ्याचदा यांपैकीच एक असतं. विकणाऱ्याला विचारलं तर “एसएसएल आहे न भाऊ” असं उत्तर येतं. म्हणून विचारायचं कमी आणि तपासायचं जास्त.

तपासणी: मुद्दाम चुकीचं नाव

क्लायंटच्या मशिनवर होस्ट्स फाइल उघडा. लिनक्सवर ती ‘ईटीसी’मध्ये, विंडोजवर ‘सिस्टम३२’च्या आत ‘ड्रायव्हर्स’मधल्या ‘ईटीसी’त. तिथे एका ओळीत आधी तुमच्या खऱ्या सर्व्हरचा आयपी आणि त्यानंतर एक बनावट नाव लिहा, समजा ‘चुकीचं.दुसरंच.इन’. आता सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हर म्हणून हे बनावट नाव द्या आणि चाचणीची एक रिकामी फाइल पाठवा.

फाइल जायला नको. गेली, तर तुमचं सॉफ्टवेअर नाव पाहत नाही, मग त्याच्या खिडकीत कितीही मोठं कुलूप दिसो. खरा सर्व्हर तुमचाच असल्यामुळे या चाचणीत धोका नाही. आधी ‘हे सर्टिफिकेट कायम मान्य’ असं कोणी कधी टिकवलं असेल तर तो साठा साफ करा, नाहीतर निकाल खोटा येईल.

सर्व्हरच्या बाजूनेही हेच. क्लायंट सर्टिफिकेट मागणारा सर्व्हर असेल तर तुमच्याच सहीचं, पण दुसऱ्या नावाचं सर्टिफिकेट बनवा आणि आत जाता येतं का बघा. शून्य-बाइटचीच चाचणी हवी असेल तर ओपनएसएसएलच्या कॉन्फिगमध्ये नावाचा रकाना कच्च्या डीईआर बाइटांत लिहिता येतो, त्यात मध्ये ‘००’ घाला. ही चाचणी फक्त स्वतःच्या सर्व्हरवर, हे सांगायला नको.

क्लायंटला ओळखायचंच असेल तर

डीएनएस नावावर विसंबणं मला पटत नाही, दुरुस्त आवृत्तीतही. आयपीवरून नाव देणारी नोंद इंटरनेट कंपनीच्या हातात असते. नागपुरातल्या साध्या ब्रॉडबँडवर पत्ता बदलता, कधी तर शेकडो ग्राहकांत वाटलेला. कंपनीने नोंद बदलली की प्रामाणिक ग्राहक बाहेर, आणि मग कंटाळून कोणीतरी तो पर्याय काढून टाकतो.

त्यापेक्षा स्वतःची सही देणारी छोटी संस्था ऑफिसातच चालवा आणि क्लायंटची सर्टिफिकेटं तिच्याच सहीने द्या. प्रोएफटीपीडीत ‘टीएलएस-व्हेरिफाय-क्लायंट’ चालू, आणि ‘टीएलएस-सीए-सर्टिफिकेट-फाइल’मध्ये फक्त तुमचीच संस्था. जगातल्या सगळ्या सार्वजनिक संस्थांची यादी तिथे ठेवली की जगातला कोणीही खऱ्या सहीचं सर्टिफिकेट घेऊन दारात येऊ शकतो. २००९ च्या हल्ल्याला तेवढंच लागत होतं. तसंही लेट्स एन्क्रिप्टसारख्या सार्वजनिक संस्था २०२६ मध्ये क्लायंट ओळखीची सर्टिफिकेटं देणं बंद करत आहेत, तेव्हा हा बदल टाळता येणार नाहीच. नाव जोडायचं तर मशिनशी जोडण्यापेक्षा वापरकर्त्याशी जोडा. त्यासाठी ‘टीएलएस-यूजर-नेम’ हे सेटिंग आहे.

“मग एसएफटीपीच वापरू न, तिथे सर्टिफिकेटची कटकट नाही,” असं म्हणणारेही आहेत. (एसएफटीपी म्हणजे एसएसएच जोडणीवरून फाइल पाठवणं.) कटकट आहे, फक्त तिचं रूप वेगळं. तिथे नावाच्या जागी होस्ट-की (सर्व्हरची ओळख पटवणारी किल्ली), आणि स्क्रिप्टमध्ये ‘स्ट्रिक्ट-होस्ट-की-चेकिंग नो’ लिहिलं की तीही गेली. तिथलाही कोड सोवळा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने ओपनएसएसएचच्या क्लायंटमध्ये असा दोष दाखवला की ‘व्हेरिफाय-होस्ट-की-डीएनएस’ चालू असेल तर मधल्या माणसाला सर्व्हर असल्याचं सोंग घेता येतं. सीव्हीई-२०२५-२६४६५, दुरुस्ती ९.९पी२ मध्ये. इथेही जास्तीची तपासणी चालू करणारेच सापडले.

सगळं दुरुस्त केल्यावर जुन्या पळवाटा शोधून काढा, नाहीतर वरचं सगळं कागदावर राहील. एलएफटीपी या क्लायंटच्या सेटिंग फाइलमध्ये ‘व्हेरिफाय-सर्टिफिकेट नो’ किंवा ‘चेक-होस्टनेम नो’. कर्लच्या ओळीत उणे-के, किंवा ‘एसएसएल-रिक्वायर्ड’ऐवजी नुसतं ‘एसएसएल’, जे सर्व्हरने नाही म्हटलं तर गुपचूप उघड्यावर पाठवतं. विनएससीपीच्या स्क्रिप्टमध्ये सर्टिफिकेटच्या ठशाच्या जागी तारा. क्रॉनमधल्या आणि विंडोज टास्क शेड्युलरमधल्या नोंदी वेगळ्या बघा, कारण त्या ज्याने लिहिल्या तो बहुधा केव्हाच पुण्याला गेलेला असतो. आणि चाचणीसाठी होस्ट्स फाइलमध्ये घातलेली ओळ काढून टाका.